उसनी फुंकर

मुलांनो, एक माळ डोळ्यांसमोर आणा. त्या माळावर माती दिसत नाही, दिसतात त्या मिरच्या. ओल्या, लालभडक, नजर पोचेल तिथवर पसरलेल्या. नंदुरबारच्या बाजूला अशा वाळवणाला पथारी म्हणतात. दिवाळी उलटली की आसपासच्या बायका सकाळी पथारीवर जातात, तोंडाला फडकं बांधतात आणि दिवस कलेपर्यंत मिरच्यांचे देठ खुडतात. वारा सुटला की सगळी पथारी खोकते. खुडणारी खोकते, तोलणारा खोकतो, ट्रकवाला उतरताच खोकतो, आणि कडेनं चाललेलं कुत्रंसुद्धा शिंकतं.

दिसलं? आता काळ थोडा पुढे सरकवा. फार नाही. तुम्ही मोठे झाला आहात, तुमच्या केसांत एखादी पांढरी बट आली आहे, एवढाच. पथारी तीच, ठसका तोच. फक्त गावच्या सरकारी दवाखान्यात एक कपाट आलं आहे. लोखंडी, करड्या रंगाचं, माणसाच्या उंचीचं. त्याला किल्ली नाही. ते श्वासानं उघडतं.

गावाचं नाव तुम्हीच ठेवा. कपाट का आलं, ते मात्र सांगायला हवं.

खोकला मिरचीच्या ठसक्यानं येतो, धुरानं येतो, सर्दीच्या विषाणूनं येतो, आणि कधीमधी जिवाणूनंही येतो. विषाणू आणि जिवाणू ही नावं शेजारीशेजारी बसतात म्हणून भाऊभाऊ वाटतात, पण त्यांचं काही नातं नाही. जिवाणूला स्वतःचं घर असतं. भिंती असतात, आत चूल असते, सगळा संसार असतो. अँटिबायोटिक म्हणजे त्या घरावर घाव घालणारं औषध. कुणी भिंत पाडतं, कुणी चूल विझवतं. विषाणूला घरच नसतं. तो तुमच्या पेशीत घुसतो आणि तुमच्याच चुलीवर आपलं शिजवून घेतो. आता भिंत पाडायची पहार घेऊन त्याच्यामागे धावलात, तर पाडणार काय?

सर्दीचा खोकला आपला आपण जातो. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि माणसाला तेवढंच देणं जड जातं. पिढ्यान्‌पिढ्या लोक म्हणत आले, "डॉक्टर, जरा पावरची गोळी द्या." डॉक्टरही देत आले. न दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाई. गोळी खाल्ली, पुढे खोकला थांबला, नाव गोळीचं झालं. घशात मात्र भलतंच घडत होतं. आपल्या घशात असंख्य जिवाणू गुण्यागोविंदानं राहत असतात. गोळीनं त्यातले साधेभोळे मेले. गोळी चुकवायची युक्ती ज्या एखाद्याला साधली होती, तो उरला, आणि मोकळ्या रानात त्याचा वंश वाढला. शिवाय जिवाणूंची एक खोड अशी, की युक्ती शिकवायला त्यांना शाळा लागत नाही. नुसतं अंगाला अंग लावून ते ती शेजाऱ्याला देऊन टाकतात. असं होत होत एकेक औषध निकामी झालं. थोडी उरली, ती सरकारनं कपाटात कोंडली.

कपाटाच्या दारावर एक यंत्र होतं. पेशंटनं चंदेरी फुग्यात श्वास भरायचा आणि फुग्याचं तोंड यंत्राला लावायचं. जिवाणू जेवतात तेव्हा त्यांच्या स्वयंपाकाचा वास सुटतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, यंत्राला कळे. वास सापडला तर लाल दिवा, दार उघडायचं आणि लागेल तेवढंच औषध बाहेर यायचं. नाही सापडला तर हिरवा दिवा. मग डॉक्टर सांगणार, मिठाच्या गुळण्या करा, पाणी प्या, आराम करा, जाईल.

गावानं यंत्राला नाव ठेवलं, सरकारी नाक. आणि साऱ्या जगात हिरवा म्हणजे चांगला आणि लाल म्हणजे वाईट असेल, पण त्या गावात उलटं झालं. लाल लागला की माणूस लग्न ठरल्यासारखा बाहेर येई. हिरवा लागला की पायरीवर बसून म्हणे, "आमचा खोकला नाकाला पसंत नाही."

दवाखान्यात निर्मला वळवी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या तिथल्याच, डोंगराकडच्या पाड्यावर वाढलेल्या. त्यांनी एक गोष्ट मायेपोटी केली. त्या भागात पेशंट स्वतः दवाखान्यात येतोच असं नाही. म्हातारं माणूस पाड्यावर निजलेलं असतं, घरचं कुणीतरी डोंगर उतरून येतं, दुखणं सांगतं आणि औषध घेऊन जातं. ही चाल फार जुनी. यंत्र बनवणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. ते धरून चालले होते, की जिथं श्वास तिथं माणूस. वळवी मॅडमनी वर भांडून परवानगी मिळवली, की निजलेल्या माणसाचा श्वास फुग्यात भरून आणला तरी चालेल. त्यानं खरोखर काही जीव वाचले. नाकाला मात्र फुगा कळत होता, फुगवणारा कळत नव्हता.

* * *

वैजयंता महाजन पथारीवर देठ खुडायची. तिचा नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, सणासुदीला यायचा. घरात ती आणि तिची मुलगी हेतल.

हेतल तान्ही असताना तिला मोठा न्यूमोनिया झाला होता. जगली, पण छातीतल्या श्वासनळ्या जुन्या इलॅस्टिकसारख्या सैल पडल्या. सैल नळ्यांत कफ साचतो आणि साचल्या कफात जिवाणू कायमचं बिऱ्हाड करतात. वळवी मॅडमनी हे तिला तिच्याच भाषेत सांगितलं होतं.

"हेतल, तुझ्या छातीत भाडेकरू आहेत."

"भाडं देत नाहीत ते," हेतल म्हणाली.

"नाहीच देत. पण गप्प बसलेत तोवर आपण बसू द्यायचं. नाकाला ते कायम दिसणार, दिवा कायम लाल लागणार. म्हणून काही रोज गोळी नाही घ्यायची. ज्या दिवशी ते भांडायला उठतील, ताप येईल, दम लागेल, त्या दिवशी घ्यायची. असणं वेगळं आणि भांडणं वेगळं. नाकाला एवढं कळत नाही, आपल्याला कळायला हवं."

हेतलला ते कळलं होतं. तिला न कळणारी गोष्ट एकच, की गल्लीतल्या बाया तिला पाहून आपापली पोरं आत का ओढतात. तिचा खोकला लांबूनच ऐकू यायचा. पळायचं म्हटलं की दम लागायचा, हसायचं म्हटलं तरी उबळ यायची. ओट्यावर बसून ती दुसऱ्यांची लंगडी बघायची आणि कोण बाद झालं ते मोठ्यानं सांगायची. कुणी विचारलेलं नसायचं.

आपल्या पोरांना आत न ओढणारी एकच बाई होती, शेजारची कोकिळा. तिची डिंपल हेतलच्याच वयाची, आणि कडेवरचा कान्हा. पथारीवर बाकीच्या बाया वैजयंतापासून हातभर लांब बसत, तेव्हा कोकिळाच आपलं सूप तिच्या सुपाला भिडवून बसायची. हे वैजयंता विसरणारी नव्हती.

दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, म्हणून कोकिळा एकदा त्याच्या जरा आधीच दारात आली.

"वैजू, विरजण आहे का गं?"

"आहे की. आण वाटी."

कोकिळानं वाटी पुढे केली नाही. पदराखालून चंदेरी फुगा काढला.

"अगं माय, हे काय?"

"हळू बोल. यांना पुन्हा हिरवा लागला. खोकून खोकून पाठ धरलीय, टेम्पो दारात उभा. मॅडम म्हणतात गुळण्या करा. गुळण्यांनी काय टेम्पो चालतो?" कोकिळानं गल्लीत मागेपुढे पाहिलं. "तुझ्या हेतलची एक फुंकर दे. तिला कायम लालच लागतो ना?"

"ही काय मागायची वस्तू आहे, कोकिळा?"

"का? विरजण देतेस तेव्हा तुझं दही कमी होतं का? श्वास तर ती सोडतेच. वाऱ्यावर जायचा तो फुग्यात जाईल."

विरजणाला नाही म्हणणारी बाई वैजयंतानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. खाटेवरून हेतल म्हणाली, "काकू, किती किलो देऊ?"

कोकिळा खळखळून हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी दुसरं हसलं. हेतलनं फुगा घेतला, मधे एकदा खोकली, आणि पुरा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी कोकिळानं दवाखान्यात सांगितलं, की नवरा तापानं निजलाय. नाकानं वास घेतला. लाल लागला, कपाट उघडलं. तिच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, गोळ्या खाल्ल्या आणि पुढे त्याचा खोकला गेला. तो जाणारच होता. पण हे कोकिळाला सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ती ऐकणार कशाला?

* * *

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आधी एक आली, मग तिची जाऊ आली, मग पलीकडच्या आळीतली. कुणी कोथिंबिरीची जुडी आणे, कुणी वाटीभर खीर. पथारीवर वैजयंताच्या दोन्ही बाजूंना सुपं भिडू लागली. तिचा घसा बसला तर चार जणी पाण्याचा तांब्या पुढे करत. नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, पोरगी कुणाच्या तरी कामाला आली." तिलाही तसंच वाटत होतं. मनात कुठंतरी खुपायचं. मग ती स्वतःला समजवायची, की आपण काय विकत नाही, लोकांचं भलं होतंय.

आणि हेतल! तिला लंगडीत पंच केलं. डिंपल तिला हाताला धरून घेऊन जायची, डब्यातलं आपल्या हातानं भरवायची. कुणाचा खाऊ आला तर पहिला वाटा तिचा. एकदा घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, मी सरकारी कपाटाची किल्ली आहे. मला हरवू नकोस हं."

"गप गं," वैजयंता म्हणाली. पण तिनं पोरीला जवळ घेतलं, आणि त्या दिवशी तिची वेणी जरा जास्तच वेळ घालत बसली.

संक्रांतीच्या सुमाराला, भर दुपारी, वळवी मॅडम स्वतः घरी आल्या. वैजयंता नेमकी तेव्हा जेवायला पथारीवरून आली होती. तिनं लगबगीनं सतरंजी टाकली. मॅडम बसल्या नाहीत.

"ताई, प्रत्येक घरच्या फोडणीचा वास वेगळा असतो की नाही?"

"असतो ना."

"तसाच प्रत्येकाच्या छातीतल्या जिवाणूंचा असतो. गावात इतका न्यूमोनिया कसा, म्हणून मी घाबरले. साथ आली असं वर कळवून बसले. मग सगळ्या फुग्यांचे वास जिल्ह्याला पाठवून एकमेकांशी लावून घेतले, त्यालाच महिना गेला." त्यांनी हेतलकडे पाहिलं. "सगळ्यांकडे एकाच घरची फोडणी."

हेतल म्हणाली, "माझी."

"तुझी."

"चूक झाली, मॅडम," वैजयंता म्हणाली. "पण कुणाचं वाईट तर नाही झालं? बरेच झाले सगळे."

"ते तसेही बरे होणार होते." मॅडम आता बसल्या, पाय दुखत असल्यासारख्या. "ताई, नीट ऐका. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या घशातले साधे जिवाणू मेले, चिवट तेवढे उरले. हेतल त्यांच्याच पोरांत बसते, त्यांच्या हातचा घास खाते. हिच्या छातीत आधीच वस्ती आहे. तिथं एखादा चिवट राहायला आला की तो बाकीच्यांना शिकवणार. मग एखाद्या दिवशी हिचे भाडेकरू भांडायला उठतील. कपाट उघडेल, गोळी मिळेल, आणि ती गोळी काहीही करणार नाही."

"मग फुगे बंद करून टाका, मॅडम! आजच बंद करा!"

"केले असते. पण मागच्या महिन्यात पाड्यावरच्या झिपरीआजीचा फुगा तिचा नातू घेऊन आला होता. तो खरा होता. ती वाचली. फुगे बंद केले तर पुढची झिपरीआजी मरेल." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी बंद नाही करू शकत. तुम्ही द्यायचं बंद करा. हे कधीपासून चालू आहे?"

"पथारी सुरू झाली तेव्हापासून."

मॅडम नुसत्या उठल्या आणि जाताना हेतलच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. रागावल्या असत्या तर वैजयंताला बरं वाटलं असतं.

* * *

वैजयंतानं त्याच संध्याकाळपासून दार लावून घेतलं. जी येईल तिला सांगायची, मॅडमनी बंद करायला लावलंय, पोरीच्या जिवाला धोका आहे. बाया ऐकून घेत आणि गल्लीच्या टोकाला जाऊन बोलत.

"डॉक्टरीण चहाला येते ना आता यांच्याकडे. भाव वाढणारच."

"पोरीच्या फुंकरीला कुलूप लावलंय माय, सोन्याची फुंकर ती!"

"नुसता श्वास मागितला होता. काही किडनी नव्हती मागितली."

पथारीवर सुपं पुन्हा हातभर सरकली. या खेपेला कोकिळाचंही सरकलं. तिच्या नवऱ्याच्या भावाला खोकला झाला होता आणि वैजयंतानं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. कोकिळा भांडली नाही. ती नुसती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, आणि वैजयंताला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. पण ती मनाशी म्हणाली, लागू दे. पोर तर सुखरूप आहे.

तिनं अजूनही मॅडमना पुरतं ऐकलेलं नव्हतं. दार लावलं की संपलं, असं तिला वाटत होतं.

हेतल पुन्हा ओट्यावर बसू लागली. लंगडीला दुसरा पंच आला. पण काही दिवसांनी डिंपलचा आवाज घराच्या मागच्या अंगणात ऐकू येऊ लागला, दोघींचं हसणं ऐकू येऊ लागलं. वैजयंताला हायसं वाटलं. म्हणाली, पोरांची मनं साफ असतात.

होळीच्या आधी हेतलला ताप भरला. खोकला नेहमीचा, पण कफाचा रंग बदलला, आणि खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाताना तिला मधे बसावं लागलं. वैजयंतानं तिला पाठंगुळीला घेऊन दवाखान्यात नेलं. हेतलनं फुगा फुगवला. लाल लागला. कपाट उघडलं.

गोळ्या सुरू झाल्या. ताप हलला नाही. मॅडमनी दुसऱ्या दिल्या, त्यांनीही काही झालं नाही. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं शिरेतून औषधं चढवली, एक झालं की दुसरं. तिथल्या डॉक्टरांनी कफ तपासायला घेतला. काचेच्या बशीत हेतलचे जिवाणू वाढवले आणि त्यांच्यामधे कपाटातल्या प्रत्येक औषधाचा एकेक ठिपका ठेवला. औषध चालत असेल तर ठिपक्याभोवती जिवाणू मरून मोकळं वर्तुळ पडतं. बशीत एकही वर्तुळ पडलं नाही. जिवाणू प्रत्येक ठिपक्याच्या अगदी कडेपर्यंत वाढले होते.

वळवी मॅडम ते सांगायला स्वतः जिल्ह्याला आल्या. वॉर्डाच्या बाहेर बाकावर वैजयंताच्या शेजारी बसल्या.

"ताई, बंद केलं होतं ना?"

"देवाशपथ, मॅडम. त्या दिवसापासून एकही नाही दिला."

"आई," दाराजवळच्या खाटेवरून हेतल म्हणाली. तिच्या नाकाला ऑक्सिजनचा मास्क होता, आवाज मास्कमधून येत होता. "मी देत होते. मागच्या खिडकीतून."

वैजयंता उठून तिच्याजवळ गेली. तिला ओरडायचं होतं. तोंडातून नुसतं "का गं?" एवढंच आलं.

"डिंपल बोलत नव्हती माझ्याशी."

मॅडम बाकावरून उठून दाराशी आल्या होत्या. वैजयंता त्यांच्याकडे वळली. "एवढ्या सगळ्यांनी गोळ्या खाल्ल्या. सगळे खडखडीत आहेत. रोहिदास टेम्पो चालवतोय. मग माझीच का?"

"त्यांना तो आजारच नव्हता, ताई. औषध खरोखर लागणारी सगळ्या गल्लीत ही एकटीच होती."

मॅडम हे फार हळू बोलल्या. वैजयंतानं मान हलवली. जगात एखादी गोष्ट पुरती समजली तरी काही उपयोग नसतो, तसं तिला ते समजलं.

* * *

जिल्ह्याच्या दवाखान्यात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा हेतलला घरी आणलं. बरोबर ऑक्सिजनचं यंत्र दिलं होतं. ते खाटेशेजारी दिवसभर गुरगुरायचं. सुरतेहून तिचे वडील निघाले होते. मॅडम रोज येत, स्टेथोस्कोप लावून छाती ऐकत, कफ सुटायला पाठीवर थापट्या कशा द्यायच्या ते वैजयंताला दाखवत, आणि पुढचं काही विचारू नये म्हणून लवकर उठत.

गल्ली वाईट नव्हती, मुलांनो. गल्लीनं शिरा पाठवला, नारळ पाठवले, कुणी अंगारा आणून दिला. दारात येऊन बाया हळहळत. "तिचं ते लहानपणापासूनचंच दुखणं," एक म्हणायची. "नशीब," दुसरी म्हणायची. त्यांतल्या कुणालाच आपल्या घशाची आठवण झाली नाही. वैजयंतानं पहिल्यांदा सांगून पाहिलं. "तुमच्या गोळ्यांनी झालं हे," ती म्हणाली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या आणि दुःखानं बाईचं डोकं फिरलंय असं समजून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. नंतर तिनं सांगणं सोडून दिलं.

एका दुपारी दार ढकलून कोकिळा आत आली. कडेवर कान्हा, नाक वाहतंय, गाल लाल, मधेच कोरडा खोकतोय. मागे डिंपल उंबऱ्यावरच थांबली. कोकिळाच्या हातात फुगा होता. या खेपेला तिनं तो पदराखाली लपवला नव्हता.

वैजयंता खाटेजवळून उठली. "नाही हं कोकिळा. पाया पडते. चालती हो."

"ह्याला हिरवा लागला गं."

"मग चांगलं आहे! हिरवा म्हणजे चांगलं असतं! मॅडमनी तपासलं ना?"

"तपासलं. छाती उघडी करून बघितली. म्हणाल्या, दूध पितोय, खेळतोय, घाबरू नका." कोकिळाचा आवाज फाटला. "घाबरू नका! तुझ्या हेतलकडे बघून कोण घाबरणार नाही सांग? हिलाही खोकलाच होता ना? मला माझं पोर असं खाटेवर नाही बघायचं, वैजू."

"अगं, मेलंय ते औषध! ऐकतेस का? काचेच्या बशीत दाखवलं त्यांनी. मेलंय!"

"हिला नसेल लागू पडलं. ह्याला पडेल. लाल तर लागेल ना? गोळी तर हातात येईल?" कोकिळा गुडघ्यावर बसली, पोरासकट. "वैजू, मी तुझ्या सुपाला सूप लावून बसले होते गं. कुणी बसत नव्हतं तेव्हा."

वैजयंतानं तिचा दंड धरला. तिला उठवून दाराबाहेर काढायचं एवढंच तिच्या मनात होतं. कान्हा रडायला लागला. यंत्र गुरगुरत होतं.

"आई," हेतल म्हणाली. "राहू दे. डिंपल आलीय."

वैजयंताचा हात सुटला. तिनं मागे वळून पाहिलं.

हेतल कोपरावर उठली होती. तिनं हात पुढे केला, तशी कोकिळानं फुगा तिच्या हातात दिला. हेतलनं मास्क हनुवटीखाली ओढला आणि फुग्याचं तोंड ओठांना लावलं. पहिल्या फुंकरीला फुगा नुसता हलला. दुसऱ्या फुंकरीला उबळ आली. ती वाकली, खोकली, थांबली. डिंपल उंबऱ्यावरून आत आली. हेतलनं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकलं. फुगा हळूहळू ताठ झाला. तिनं त्याचं तोंड चिमटीत धरून कोकिळाच्या हाती दिलं, मास्क वर ओढला, आणि भिंतीकडे सरकून खाटेवर डिंपलला बसायला जागा केली.